जित्याची खोड आणि इतर अफवा

आधी शाळेत आणि मग बी.एड. कॉलेजात माझी नोकरी झाली. मानसशास्त्रातले फ्रॉइड, एरिकसन, ऑलपोर्ट मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. घरात मात्र या विषयावर माझा सल्ला कुणी घेत नाही, आणि ते बरंच आहे. निवृत्तीनंतर हे सगळे सिद्धांत परीक्षेचा धाक नसताना वाचले. तेव्हा काही गोष्टी ध्यानात आल्या.

१. एरिकसननं मांडलेल्या माणसाच्या विकासाच्या आठ अवस्थांचा तक्ता फळ्यावर फार छान दिसतो, आणि तिथंच घोळ होतो. एका रकान्यात वय, दुसऱ्यात ‘विश्वास विरुद्ध अविश्वास’पासून ‘समाधान विरुद्ध नैराश्य’पर्यंतच्या जोड्या. मुलं तो रेल्वेच्या वेळापत्रकासारखा पाठ करतात: दीड वर्षाला पहिलं स्टेशन सुटलं, आता ते पुन्हा लागायचं नाही. पण १९५० मध्ये ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ लिहिणाऱ्या एरिकसनचं म्हणणं एवढं सरळ नव्हतं. बाळात थोडा अविश्वासही मुरायला हवा, नाहीतर ते मोठेपणी पहिल्याच दामदुप्पट योजनेत पैसे घालील (हे उदाहरण माझं). शिवाय या जोड्यांतलं मिटलेलं भांडण पुढच्या वळणावर पुन्हा उकरलं जातं. निवृत्त झाल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी रिकामी बसले होते, आणि मनात एकच प्रश्न होता: आता आपल्याला काही जमतं का? तक्त्यात हा प्रश्न सहा ते बारा वयाच्या ओळीत आहे.

२. स्वतःची ओळख शोधायचं काम प्रत्येकाला वेळेवर मिळत नाही. एरिकसनला आपला जन्मदाता कोण हे कधीच कळलं नाही. सावत्र वडिलांचं होम्बुर्गर हे आडनाव लावून तो वाढला आणि १९३९ मध्ये अमेरिकेचा नागरिक होताना ‘एरिकसन’ झाला. ‘आयडेंटिटी क्रायसिस’ हे शब्द जगाच्या तोंडी बसवले ते या माणसानं. त्याच्या क्रमात आधी ओळख, मग जवळीक. माझ्या आईच्या बाबतीत उलटं झालं. ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीनं अक्षरं रेखून तिचं नवं नाव ठरलं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आपल्याला नेमकं काय आवडतं, हा प्रश्न तिला मुलं मार्गी लागल्यावर पडला. मग ती पेटी शिकायला गेली आणि आम्ही सगळे हसलो. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगननं १९८२ मध्ये आक्षेप घेतला की विकासाचे हे नकाशे पुरुषांची आयुष्यं समोर ठेवून काढलेले आहेत. मला ते पटवून द्यायला पुस्तकाची गरज नव्हती.

३. प्रगतिपुस्तकातला शेरा ही फार धाडसाची भविष्यवाणी असते. ‘हुशार पण चंचल’, ‘अबोल, मिसळत नाही’, ‘प्रयत्न वाढवावेत’. एप्रिलच्या उकाड्यात वर्गभराची पुस्तकं एका बैठकीत संपवायची, तर शब्द तरी किती नवे आणणार! स्कॉटलंडमध्ये १९५० साली शिक्षकांनी १४ वर्षांच्या बाराशेहून अधिक मुलांचं असंच मूल्यमापन केलं होतं: आत्मविश्वास, चिकाटी, मनाची स्थिरता, कामातला नेटकेपणा, कल्पकता, पुढे जाण्याची ईर्षा. २०१२ मध्ये त्यांतले १७४ जण, वयाच्या सत्याहत्तरीच्या आसपास, त्याच गुणांवर पुन्हा पारखले गेले. दोन्ही निकालांत म्हणण्यासारखा मेळ बसला नाही. शंका घ्यायला जागा आहे. तेव्हा मोजणारे शिक्षक होते, नंतर ते स्वतः आणि त्यांच्या जवळचं कुणीतरी. थोड्या वर्षांच्या अंतरानं मोजलं तर स्वभाव बराचसा जागेवर सापडतो, हेही खरं. तरीही विल्यम जेम्सनं १८९० मध्ये तिशीनंतर स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो असं लिहिलं, ते जरा घाईचंच झालं. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र मांडले. जबाबदारीची जाणीव आणि मनाची स्थिरता विशीपासून चाळिशीपर्यंत वाढताना दिसली, आणि काही बदल उतारवयातही थांबले नव्हते. आपली म्हण मात्र जित्याची खोड मेल्याशिवाय सोडायला तयार नाही.

४. माणूस कसा आहे हे विचारायच्या आधी कुठं हे विचारावं. मी ‘अबोल’ म्हणून शेरा मारलेला एक मुलगा पुढे निफाडकडच्या एका बाजार समितीत दिसला. कांद्याच्या ट्रॉलीवर चढून, मूठभर कांदे वर धरून असा खणखणीत भाव पुकारत होता की चार ट्रॅक्टरांपलीकडे ऐकू जावं. मी खूश, म्हटलं, बदलतात माणसं! आग्रहानं चहाला घरी नेलं. त्याची बायको म्हणाली, “बाई, घरात तोंडातून शब्द काढत नाहीत हो. जेवायचं का विचारलं तर मान हलवतात.” माणसाचं वागणं प्रसंगागणिक किती पालटतं, हे वॉल्टर मिशेलनं १९६८ मध्ये मांडलं तेव्हा मानसशास्त्रात केवढी खळबळ उडाली होती. त्या मुलाच्या बायकोला विचारलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं.

५. पुढच्या पिढीची काळजी वाहणारी माणसं स्वतःच्या घरात कमी पडू शकतात. एरिकसन १९६२ मध्ये एका परिसंवादासाठी अहमदाबादला आला आणि तिथल्या १९१८ च्या गिरणी संपात गुंतला. संपाच्या वेळी गांधीजी ४८ वर्षांचे होते, म्हणजे पुढच्या पिढीची काळजी वाहण्याच्या ऐन सातव्या अवस्थेत. त्यातून झालेल्या ‘गांधीज ट्रुथ’ या पुस्तकाला पुलित्झर मिळालं. त्याच्या मधोमध गांधीजींना थेट उद्देशून लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात आदर आहे, आणि जवळच्या माणसांशी ते जसे कठोर वागले त्याचा जाबही आहे. तेवढा भाग मी दोनदा वाचला. शिक्षकांची मुलं हा तसा स्वतंत्र अभ्यासाचा विषय. माझी मुलगी म्हणते, “आई, तू माझ्याशीही फळ्याजवळ उभं राहूनच बोलतेस.”

६. आपण आता पुरते घडलो, असं कुठल्याही वयात वाटतं. २०१३ मध्ये १९ हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला. गेल्या दहा वर्षांत आपण खूप बदललो असं काही लोक सांगत होते, आणि ज्यांना पुढच्या दहांबद्दल विचारलं ते फारसं बदलणार नाही म्हणत होते. तरुणही आणि साठी ओलांडलेलेही. मला मात्र खरंच वाटतं की आता माझ्यात काही बदलायचं उरलेलं नाही.

७. तक्ता काढणाऱ्यालाही म्हातारपण येतं. एरिकसन १९९४ मध्ये ९१ व्या वर्षी गेला. त्याच्या कामात आयुष्यभर वाटा उचललेल्या जोन एरिकसननं, त्याच्या बायकोनं, नव्वदी ओलांडल्यावर सांगितलं की आठवी अवस्था शेवटची नाही. अगदी थकलेल्या वयात जुनी सगळी भांडणं परत येतात आणि हरणारी बाजू पुढे येते; स्वतःच्या पायांवरचाही भरवसा राहत नाही. म्हणून तिनं जोड्या उलट्या लिहिल्या, अविश्वास आधी, विश्वास नंतर. ही नववी अवस्था १९९७ मध्ये पुस्तकात छापली गेली. आमच्या प्रश्नपत्रिकेत अजून आठच विचारतात.