कुत्रा आणि पाणी

कुत्र्याला पोहणे उपजतच येते, असे म्हणून त्याला विहिरीत ढकलणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. पाय मारणे उपजत असते, हे खरे. दुडक्या चालीप्रमाणेच पुढचा डावा व मागचा उजवा पाय जोडीने हलतात. पण भेदरलेला कुत्रा पुढचेच पाय आपटतो. मागचा भाग बुडतो व तो दमतो. शिवाय पाव्हलॉव्हच्या कुत्र्याच्या मेंदूत ठोक्यांचा आवाज आणि अन्न यांचा संबंध जुळला, तसा येथे पाणी आणि भीती यांचा जुळतो.

तोच नियम उलट वापरा. पोहणाऱ्या मोठ्या माणसासोबत उथळ, संथ पाण्यात आधी तुम्ही उतरा. कुत्र्याचे पंजे भिजले की खाऊ द्या. पाय टेकेनासे झाले की पोटाखाली हात धरा, म्हणजे पाठ आडवी राहील. तो मागे फिरला, तर फिरू द्या! बुलडॉगला मात्र, डोके जड व पाय आखूड असल्याने, तरंगणेच कठीण जाते. त्याला काठावरच खेळवा.