तोंड किती उघडते?

आमच्या महाविद्यालयात अकरावीच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला घडलेली एक गोष्ट सांगतो. स्प्रिंगला वजने लावून तिची वाढ मोजण्याचा प्रयोग चालू होता. मध्येच एका टेबलाशी हशा पिकला. चौकशी केली तेव्हा एकजण म्हणाला, "सर, याला पाणीपुरी खाता येत नाही. पुरी तोंडातच जात नाही." ज्याच्याविषयी हे बोलणे चालले होते तो मुलगाही हसत होता. मी त्याला तोंड उघडायला सांगितले. दोन बोटे जेमतेम शिरतील एवढेच ते उघडले. आठवीपासून तो रोज सुपारीच्या चार-पाच पुड्या खात होता. "तंबाखू नाही सर, नुसती सुपारी," असे त्याने मला दोनदा सांगितले.

या 'नुसत्या सुपारी'विषयी लिहावे असे तेव्हाच मनात आले. मी पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्यक नव्हे. पण त्या मुलाच्या गालाने जे गमावले होते ते आमच्याच विषयातले आहे. त्याला आपण स्थितिस्थापकता म्हणतो.

प्रथम रबराकडे पाहू. कच्च्या रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. ओढल्या की त्या एकमेकींवरून घसरतात, म्हणून कच्चे रबर मऊ व चिकट असते. त्यात थोडे गंधक घालून तापवले की साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात. मग ते ताणले तरी मूळ आकारात परत येते. मात्र गंधक फार झाले तर पुलांची गर्दी होते आणि रबराचे एबोनाइट बनते. पूर्वी कंगवे आणि फाउंटन पेने याचीच करीत. एबोनाइट ताणून पाहा, ते मोडेल पण ताणले जाणार नाही.

आपल्या गालाच्या आतील अस्तराखालीही असेच जाळे आहे. ते कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे असते. जुने तंतू मोडावेत व नवे तयार व्हावेत असा व्यवहार तेथे सतत चालतो. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य तंतू बनवणाऱ्या पेशींना चेतवते, त्यामुळे तंतू गरजेपेक्षा जास्त होतात. तंतूंमध्ये पूल बांधण्याचे काम एक विकर करते, त्याला तांबे लागते. आणि सुपारीत तांब्याचे प्रमाण बरेच असते. तिसरी गोष्ट टॅनिनची. बाभळीच्या सालीतील टॅनिनने चांभार कातडे कमावतात, म्हणजे ते कुजू नये असे करतात. कातडे हेही मुख्यतः कोलॅजेनच. सुपारीतही टॅनिन भरपूर असते आणि त्यामुळे गालातील जुने तंतू मोडेनासे होतात. थोडक्यात, सुपारी चघळणारा स्वतःचा गाल आतून कमावत असतो!

या विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो नोंदवला, आणि पुढच्याच वर्षी भारतात जोशी यांनी त्याचे वर्णन केले. सुरुवातीला तिखट सोसत नाही, तोंडाची आग होते, मग अस्तर पांढुरके व ताठ होत जाते. एवढ्यावरच थांबले तर पाणीपुरीपुरतेच दुःख. पण केरळात अशा ६६ रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा त्यांतील ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला, असे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले.

सुपारीला तंबाखू व चुन्याची जोड मिळाली की काम आणखी बिघडते. तंबाखूतील नायट्रोसमाइन ही द्रव्ये पेशींतील डीएनएला इजा करतात. तोंडाच्या अस्तराच्या पेशी सतत झिजतात व नव्या येतात. दर वेळी डीएनएची नक्कल करावी लागते, आणि इजा झालेल्या मूळ प्रतीची नक्कल चुकीचीच निघणार. चुना काय करतो? एरवी निकोटीनच्या पुष्कळशा रेणूंवर विद्युतभार असतो आणि भारित रेणूला पेशीच्या पडद्यातून सहज जाता येत नाही. चुन्याने थुंकी अल्कधर्मी होते, रेणूचा भार जातो आणि निकोटीन झटकन रक्तात उतरते. तंबाखूची चटक लागते ती या निकोटीनमुळे.

कारण व कार्य यांचा संबंध येथे किती सरळ आहे ते पाहा. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलमच्या बाजूला काही स्त्रियांत चिरूटाचे पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत होती. तेथे एरवी विरळा असणारा टाळूचा कर्करोग आढळे. तंबाखूची गोळी गालात ठेवणाऱ्यांना तो पुष्कळदा त्याच गालात होतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्येच मुंबईतील अशा एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. तरीही २०२० साली भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३६ हजार नवे रुग्ण झाले असा अंदाज आहे. आजीची मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे, हेही येथे सांगून टाकतो. दात घासण्याच्या नावाखाली ती घराघरांत शिरली.

पोटातला किंवा फुप्फुसातला रोग शोधायला यंत्रे लागतात. तोंडाला आरसा आणि विजेरी पुरते. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव लोकांची तोंडे नुसती उजेडात तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत या रोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत, सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले होते.

तुम्हीही घरी पाहू शकता. हात स्वच्छ धुऊन आपलीच मधली तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये घाला. बहुतेकांची ती सहज जातात. (शिक्षकांना विनंती, वर्गात हे करताना पट्टी एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाऊ देऊ नये.) मग गाल बाहेर ओढून आतील बाजू, जीभ वर करून तिच्या खालचा भाग, जिभेच्या कडा पाहाव्यात. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, तांबडा चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत बरा न होणारा व्रण दिसला तर दंतवैद्याला दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला हा रोग बहुधा दुखतच नाही. घरातील वडीलधाऱ्यांना विजेरी घेऊन "आ करा" म्हणणे अवघड वाटेल, पण शाळेचा प्रयोग आहे असे सांगितले की ते ऐकतात असा माझा अनुभव आहे.

त्या मुलाला मी दंतवैद्याकडे नेले. त्याच्या पुढील दातांमधील अंतर २२ मिलिमीटर भरले. प्रौढ माणसात ते साधारण ४० ते ५० असते. झालेले ताठरलेपण पूर्णपणे जात नाही, पण सुपारी कायमची सोडून व्यायाम केले तर तोंड थोडे मोकळे होऊ शकते, असे डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितले. आता तो दर महिन्याला त्यांच्याकडे जातो आणि आकडा प्रात्यक्षिकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणतो. मागच्या खेपेला २६ होता.