वेलींचा बंदोबस्त

मुलकी खात्यात तीस वर्षे परक्यांच्या अतिक्रमणांचे निवाडे लिहिण्यात गेल्यावर, निवृत्तीनंतर साताऱ्यास बांधलेल्या माझ्या कौलारू घराचा कब्जा मीच हौसेने लावलेली वेल घेईल, याची मला पुसटशीही शंका आली नाही. मधुमालतीचे ते रोप मी भिंतीपासून जेमतेम वीतभर अंतरावर लावले. कारण सायंकाळी शुभ्र उमलून दोन-तीन दिवसांत गुलाबी व अखेर तांबडी होणाऱ्या त्या फुलांचा सुगंध खिडकीतून थेट बिछान्यापर्यंत यावा, अशी माझी अभिलाषा होती. तिसऱ्या पावसाळ्यात तिचे कोवळे शेंडे कौलांच्या फटींतून आत शिरले, तेथेच जून होऊन त्यांनी कौले उचलली, आणि श्रावणातील एका रात्री सुगंधाच्याच वाटेने पाणीही बिछान्यापर्यंत आले.

दुसरा प्रमाद बोगनवेलीच्या बाबतीत घडला. १७६७ साली फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील याच्या सफरीत ब्राझीलच्या किनाऱ्यावर युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस पडलेल्या या वेलीला मी रोज दोन घागरी पाणी आणि दरमहा पाटीभर शेणखत असा तनखा बांधून दिला. तिने दोन वर्षे पाने आणि काटे दिले, फूल एकही नाही. अखेर शेजारच्या मळ्यातील वृद्ध माळी म्हणाला, "रावसाहेब, हिला कशाचं कमी न्हाई, म्हणून ही फुलंना." दिवाळीनंतर तनखा तहकूब केला, आणि फाल्गुनात सारी कमान जांभळी झाली. तो रंग वस्तुतः फुलांभोवतीच्या पानांचा. खरे फूल आत, पांढऱ्या नळीसारखे.

या दोन्ही प्रकरणांतून जे हाती आले ते नवख्यांच्या उपयोगी पडावे. बोगनवेलीस दिवसातून निदान सहा तास ऊन आणि निचऱ्याची जमीन द्यावी, पाने किंचित मलूल होईतो पाणी देऊ नये, आणि बहर ओसरताच छाटणी करावी, कारण फुले नव्या फुटव्यावरच येतात. मोगऱ्यास मार्गशीर्षात ताण देऊन पौषात छाटावे, आळे खणून शेणखत घालावे व मगच पाणी सोडावे, म्हणजे चैत्रात कळ्यांनी झुडूप भरते. परंतु या न्यायाची अंमलबजावणी सरसकट करू नये. माळ्याचा मंत्र मिळाल्याच्या उन्मादात मी जास्वंदीचेही पाणी तोडले, तेव्हा तिच्या साऱ्या कळ्या न उमलताच गळून पडल्या. ज्याचा स्वभाव ठाऊक नाही त्याच्यावर हुकूम बजावू नये, हे कचेरीत कळले होते. बागेत ते पुन्हा शिकावे लागले.

मधुमालती मी समूळ उपटली नाही. तिच्या मुळांतून फुटलेला एक कोंब घेऊन तो घरापासून दहा हातांवर, स्वतंत्र मांडवाखाली लावला. सुगंध तेवढे अंतर सहज चालून येतो. पाणी येत नाही.