नव्या गाडीत आवाज येतोय? शोधायचा कसा, खर्च किती?

वॉरंटीतल्या गाडीतून आवाज येऊ लागला की खरा खर्च होतो तो आवाज शोधण्यात. बिघडलेला भाग एकदा सापडला की तो बदलून देणे बहुतेक वेळा कंपनीवर असते. पण सापडेपर्यंत अंदाजाने केलेले अलाइनमेंट, कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये बदललेले बुश, ‘एकदा टायर बदलून बघा’ हा कुणाचा तरी सल्ला, या सगळ्याचे पैसे आपल्या खिशातून जातात. शिवाय सर्व्हिस सेंटरच्या दारात गाडी नेमकी गप्प बसते आणि ॲडव्हायझर ‘सर, हे नॉर्मल आहे’ म्हणत ती धुऊन परत देतो. त्यामुळे ग्राहकाने दोन गोष्टी साधायच्या : आवाज हवा तेव्हा काढून दाखवता यावा आणि तो जॉब कार्डवर लिहून घ्यावा.

आधी गाडी रिकामी करा (खर्च : शून्य)

डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी घट्ट बसली आहे का ते पाहा. दाराच्या कप्प्यातली नाणी, पाण्याची बाटली, चष्म्याचा कप्पा, डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती, मागची पार्सल ट्रे हे सारे बाहेर काढा. मागच्या सीटवर कुणी नसेल तर सीटबेल्टची कडी प्लास्टिकवर आपटते, ती अडकवून ठेवा. नंबरप्लेट हाताने हलवून बघा. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चक्कर मारा.

आवाज टिकला तर आठवा, तो सुरू होण्याच्या आधी गाडीला काय झाले होते. डोअर व्हायझर, मडफ्लॅप, रिव्हर्स कॅमेरा, नवी म्युझिक सिस्टीम बसवली होती का? आतली वायर नीट बांधली नसेल तर ती पॅनेलमागे आपटत राहते. हे काम डीलरने केले असेल तर ते निस्तरणेही त्यानेच करायचे, वेगळे पैसे द्यायचे कारण नाही. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर इंजिनाखालचे प्लास्टिकचे कव्हर सैल राहिले असू शकते. आणि पंक्चर काढल्यानंतर किंवा चाकांची अदलाबदल केल्यानंतर धडधड सुरू झाली असेल, तर पुढे जाण्याआधी चाकाचे नट तपासा. ते सैल असणे जिवावर बेतू शकते.

आवाज कशाबरोबर बदलतो?

आवाज शोधताना गाडी चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघावे. कान लावायला, पॅनेल हाताने दाबून बघायला आणि फोनवर रेकॉर्ड करायला दुसरा माणूस शेजारी किंवा मागे बसवावा. काचा बंद, एसी आणि गाणी बंद.

*इंजिनाबरोबर :* गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा. ठरावीक आरपीएमला पत्रा झणझणत असेल तर संशय सायलेन्सरवरच्या हीट शील्डवर घ्या.

*वेगाबरोबर :* लहान-मध्यम गाडीच्या चाकाचा घेर पावणेदोन ते दोन मीटर असतो. म्हणजे ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण तीन वेळा फिरते. टिकटिक त्याच लयीत येत असेल तर टायरच्या खाचेत अडकलेला खडा शोधा. वेग वाढेल तशी घरघर वाढत गेली तर प्रश्न टायरचा की बेअरिंगचा, एवढाच उरतो. रस्ता डांबरी असो की काँक्रीटचा, घरघर तीच राहिली तर बेअरिंग. रस्त्यासोबत आवाज बदलला तर टायर. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. त्या वळणावर घरघर वाढली तर संशय उजव्या बाजूचा, उजव्या वळणावर वाढली तर डाव्या बाजूचा.

*स्टिअरिंगबरोबर :* गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर करकर आली तर शॉकॉपच्या वरचे माउंट पाहायला सांगा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टकटक आली तर ॲक्सलचा जॉइंट. नव्या गाडीत तो क्वचितच जातो, पण त्यावरचे रबरी बूट फाटलेले असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेले दिसते.

*खड्ड्याबरोबर :* कमी वेगात, एकच चाक खड्ड्यात गेल्यावर ‘टक’ वाजत असेल तर बहुधा स्टॅबिलायझरची लिंक रॉड. दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढवली की आवाज येत नाही आणि तिरकी चढवली की येतो, ही तिची खूण.

*ब्रेकबरोबर :* ब्रेक न दाबताच किंचाळल्यासारखा आवाज आला आणि ब्रेक दाबल्यावर थांबला किंवा बदलला, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात खडा अडकला असण्याची शक्यता मोठी. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर हे हमखास होते. चाक काढले की काम काही मिनिटांचे. ब्रेक दाबल्यावर मात्र लोखंडावर लोखंड घासल्यासारखे वाटले, तर गाडी तिथेच थांबवून रोडसाइड असिस्टन्सला फोन करा.

हे आवाज बिघाडाचे नव्हेत

गाडी सुरू करून थोडे पुढे गेल्यावर बोनेटखालून एकदाच येणारी घुर्र किंवा ‘टक’ ही अनेक गाड्यांत एबीएसची स्वतःची तपासणी असते. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो. सकाळचे पहिले काही ब्रेक खरखरतात आणि मग थांबतात. इंजिन बंद केल्यावरची टिकटिक म्हणजे तापलेला सायलेन्सर निवत असतो. सीएनजीवर इंजेक्टरची टिकटिक पेट्रोलपेक्षा जास्त ऐकू येते. अर्धी टाकी भरलेली असताना ब्रेक मारल्यावर मागे खळखळते ते पेट्रोल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ठरावीक अंतराने येणारी टकटक काँक्रीटच्या सांध्यांची असते, ती गाडीवर लादू नका.

डॅशबोर्डमागे पाणी हिंदकळत असेल आणि पायाखालची मॅट ओली होत असेल, तर मात्र एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. ती साफ करून घ्या.

खर्चाचा अंदाज

पुढचे आकडे लहान आणि मध्यम गाड्यांसाठी, शहरातल्या खासगी गॅरेजमधले, मजुरीसह ढोबळ आहेत. मॉडेल आणि गावाप्रमाणे ते बदलतील. गाडी वॉरंटीत असेल आणि दोष मान्य झाला, तर यातले सुटे भाग व मजुरी बहुधा मोफत मिळते.

- डिस्कमागचा खडा काढणे, ब्रेक साफ करणे : ३०० ते ८०० रुपये
- हीट शील्ड आवळणे किंवा क्लॅम्प बसवणे : २०० ते ५०० रुपये
- पॅनेलच्या फटीत लावायची फेल्ट टेप : १५० ते ३०० रुपये
- अलाइनमेंट आणि चारही चाकांचे बॅलन्सिंग : ८०० ते १,५०० रुपये
- स्टॅबिलायझर लिंकची जोडी : १,५०० ते ३,००० रुपये
- शॉकॉपचे माउंट, एका बाजूचे : १,५०० ते ४,००० रुपये
- चाकाचे बेअरिंग, एका चाकाचे : २,५०० ते ६,००० रुपये
- डॅशबोर्ड उघडून बसवण्याची मजुरी : ३,००० ते ८,००० रुपये

अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे की वेगळा लागणार, हे आधी विचारा. बदललेला जुना भाग परत मागा. नव्या भागाच्या वेष्टनावरची एमआरपी पाहा.

यादीतले शेवटचे काम वॉरंटीत असताना बाहेर मुळीच करू नका. डॅशबोर्ड एकदा बाहेरच्या हाताने उघडला की पुढची प्रत्येक किरकिर तुमच्या माथी मारायला कंपनीला सबब मिळते.

वॉरंटीत काय बसते?

ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर ब्लेड यांसारखे झिजणारे भाग सहसा बसत नाहीत, अलाइनमेंट-बॅलन्सिंगही नाही. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्यांच्या उत्पादकांची, वेगळी असते. खड्ड्यात आपटून वाकलेला भाग हा दोष नव्हे, अपघात मानला जातो.

खरी मेख पुढे आहे. अनेक कंपन्यांच्या वॉरंटी पुस्तिकेत ‘सामान्य आवाज व कंपने’ वगळलेली असतात. ‘नॉर्मल आहे’ हे वाक्य तिथून येते. त्यावर उत्तर फुकटात मिळते : शोरूमची त्याच मॉडेलची टेस्ट ड्राइव्हची गाडी मागा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवा. तिच्यात आवाज येत नसेल तर तुमच्या गाडीतला आवाज सामान्य नाही. ही तुलना जॉब कार्डवर लिहून घ्या.

खड्ड्यातल्या छोट्या नुकसानीसाठी विम्याकडे जाण्याआधी हिशेब मांडा. समजा बिल २,५०० रुपयांचे आहे. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात, म्हणजे कंपनीकडून फार तर १,५०० मिळतील. पण दावा केला की पहिल्या वर्षानंतर मिळणारी २० टक्के नो क्लेम बोनसची सवलत जाते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता १२,००० रुपये असेल तर ती सवलत २,४०० रुपयांची. दावा करून ९०० रुपयांचा तोटाच.

जॉब कार्डवर काय लिहावे?

‘पुढून आवाज येतो’ एवढेच लिहिले तर गाडी तशीच परत येणार. असे लिहून घ्या : ‘इंजिन थंड असताना, ताशी १५ ते २० किलोमीटर वेगात, डावे चाक खड्ड्यात गेल्यावर पुढून डावीकडून टक असा आवाज. ब्रेकचा संबंध नाही. रेकॉर्डिंग दिले आहे.’ मग तंत्रज्ञाला शेजारी बसवून आवाज ऐकवा. ॲडव्हायझरला ऐकवून भागत नाही, कारण गाडी उघडणारा माणूस दुसराच असतो.

प्लास्टिकची किरकिर अनेकदा थंडीत सकाळी येते आणि उन्हात गाडी तापली की थांबते. अशी गाडी दुपारी नेऊन उपयोग नाही. आदल्या संध्याकाळी सोडा आणि सकाळी त्यांच्यासोबत पहिली चक्कर मारा.

आवाज सापडला नाही तर ‘तपासले, दोष आढळला नाही’ हे तारीख आणि किलोमीटरच्या आकड्यासह लिहून घ्या. पुढच्या खेपेला तक्रार त्याच शब्दांत नोंदवा. वॉरंटी संपल्यानंतर भाग निकामी झाला, तरी तक्रार वॉरंटीतलीच होती हे दाखवायला हेच कागद कामी येतात.

तरीही दाद मिळाली नाही तर

सर्व्हिस मॅनेजर, मग कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, अशी पायरी धरा. कोर्टाबाहेरच्या सल्ल्यासाठी १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मोजलेली किंमत ५ ते १० लाख असेल तर शुल्क २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० आणि २० ते ५० लाखांना १,००० रुपये. वकील सक्तीचा नाही.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. उत्पादनातला दोष सिद्ध करायला आयोग तज्ज्ञाचा अहवाल मागू शकतो आणि तपासणीचे पैसे आधी तक्रारदाराला भरावे लागू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका नव्या गाडीच्या क्लचच्या प्रकरणात, वॉरंटीप्रमाणे सदोष भाग बदलून मिळेल, अख्खी गाडी नव्हे, अशी भूमिका घेतली. एका किरकिरीसाठी नवी गाडी मिळेल या आशेवर आयोगाकडे जाऊ नका. दुरुस्ती आणि झालेल्या खर्चाची भरपाई मागा.

वॉरंटीची शेवटची तारीख आज पुस्तिकेत बघून ठेवा. ती संपायच्या महिनाभर आधी गाडी एकदा रॅम्पवर चढवून घ्या, राहिलेला प्रत्येक आवाज लेखी नोंदवा आणि जॉब कार्डची प्रत हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका.