मोटरमधला ब्रश

मिक्सर विजेवर फिरतो, स्कूटरही आता विजेवर पळते. दोहोंत मोटरच असते. पण दोन्ही मोटरींची जात वेगळी. हा फरक ठाऊक असला म्हणजे दुरुस्तीच्या वेळी आपले पैसे वाचतात.

आधी मोटर का फिरते ते पाहू. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की ते लोहचुंबकासारखे वागते. दोन चुंबक एकमेकांना ओढतात किंवा लोटतात. या ओढाताणीनेच मोटर फिरते. मात्र ती फिरतच राहावी म्हणून वेटोळ्यातल्या विजेची दिशा वरचेवर उलटवावी लागते. हे काम कोण करतो?

मिक्सरमध्ये हे काम ब्रश करतो. तिथे वेटोळे फिरते. त्याच्या दांड्यावर तांब्याच्या पट्ट्यांचे गोल कडे असते. कड्याला दोन बाजूंनी कार्बनचे दोन तुकडे स्प्रिंगने टेकलेले असतात. हेच ब्रश. नाव ब्रश, पण केस एकही नाही! कारागीर त्यांना नुसते ‘कार्बन’ म्हणतात. कडे फिरते तशी कार्बनखालची पट्टी बदलते, आणि विजेची दिशाही बदलते.

पण जे घासते ते झिजते. फळ्यावर खडू झिजतो, तसा कार्बन झिजतो. मग ठिणग्या वाढतात, मोटर अडखळते आणि एक दिवस थांबते. थांबली म्हणजे जळलीच, असे नव्हे. कार्बन संपला असेल तर दोन्ही तुकडे नवे घालावेत. एवढ्यासाठी मिक्सर भंगारात टाकू नये.

विजेच्या बहुतेक स्कूटरींत ब्रश नसतो. तिथे उलटी मांडणी असते. वेटोळी जागच्या जागी राहतात आणि चुंबक फिरतात. विजेची दिशा बदलण्याचे काम एक सर्किट करते. १९६२ साली अमेरिकेत विल्सन आणि ट्रिकी या दोघांनी अशा मोटरची माहिती प्रसिद्ध केली. तिच्यात कार्बन घासत नाही, ठिणगी उडत नाही. मात्र बेअरिंग झिजते आणि सर्किट बिघडू शकते. ते बदलायला कार्बनपेक्षा खर्चही पुष्कळ येतो.

आता छताचा पंखा घ्या. ‘बीएलडीसी’ लिहिलेला नवा पंखा स्कूटरच्या जातीचा. साध्या पंख्यातही ब्रश नसतो. घरच्या विजेचा प्रवाह सेकंदात ५० वेळा ये-जा करतो, त्यावरच तो फिरतो. म्हणून कोणी म्हणाला, “पंख्याचा कार्बन गेला,” तर खुशाल म्हणा, “दादा, जुना कार्बन काढून दाखवा.”

आणि एक लक्षात ठेवा. पिन काढल्याशिवाय कोणत्याही यंत्राचे झाकण उघडू नका.

प्रश्न
१. कार्बन का झिजतो?
२. ब्रश नसलेल्या मोटरमध्ये विजेची दिशा कोण बदलते?
३. तुमच्या घरातल्या कोणत्या यंत्रात कार्बन आहे?