पॉलिश केलेला तांदूळ आणि शेतकऱ्याचें ताट

शेतांतून घरीं येणारें धान्य व ताटांत पडणारें अन्न ह्यांत अलीकडे बरेंच अंतर पडलें आहे. ज्यानें भात पिकविलें तोच गिरणींतून पांढरा शुभ्र तांदूळ करून आणतो, आणि कोंडा गुरांपुढें टाकतो. गुरें त्यावर पोसलीं जातात हें आपण रोज पाहतों. पण त्यावरून आपल्या जेवणाचा विचार करीत नाहीं.

तांदळाच्या दाण्यावरील तांबूस पापुद्रा व टोंकाचा अंकुर ह्यांतच ब१ जीवनसत्त्व, स्निग्धांश व चोथा ह्यांचा मोठा भाग असतो. जावा बेटांत डच वैद्य आइकमन ह्यांनीं १८९० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं, नुसत्या सडीक तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि असडीक तांदूळ देतांच त्या सुधारतात. मनुष्यांतील बेरीबेरी रोगाचें मूळ ह्यावरूनच पुढें उकललें. १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांस मिळाला.

कोंकणांतील उकड्या तांदळास हंसणारे लोक पुष्कळ आहेत. परंतु भात सालीसह भिजवून उकडलें म्हणजे पापुद्र्यांतील जीवनसत्त्वाचा कांहीं अंश दाण्याच्या आंत शिरतो, व पुढें सडलें तरी तो बराचसा टिकतो. तांदूळ चार-चार पाण्यांनीं चोळून धुणें व पेज ओतून टाकणें ह्यांनीं मात्र हाच अंश व्यर्थ जातो.

देशावरील वाचकांस बाजरीचा प्रश्न अधिक जवळचा. तिच्या अंकुरांत स्निग्धांश पुष्कळ असल्यानें पीठ लवकर कडवट होतें, आठवड्यापुरतेंच दळावें. आमच्या घरीं एकदा महिन्याचें दळण एकदम आणलें. तिसऱ्या आठवड्यांत भाकरी कोणी तोंडांत घेईना, आणि दोष लागला तो बाजरीस!

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ५७ स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी आढळलें. बाजरींत लोह आहे. पण धान्यांतील लोह शरीरांत सहज मुरत नाहीं. जेवणांत लिंबू, आवळा अथवा मोड आलेली मटकी असली म्हणजे तें अधिक मुरतें. जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी. ज्या घरीं स्त्रिया शेवटीं जेवतात आणि तोंवर भाजी संपलेली असते, तेथें बाजरीचे गुण गाऊन काय उपयोग? आधीं त्यांचें ताट वाढावें.

भाजी व फळें मिळून माणशीं दररोज निदान ४०० ग्रॅम असावीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. बटाटा त्यांत धरीत नाहींत. बांधावरचा शेवगा, परसांतील तांदुळजा, शेपू व अंबाडी ह्यांस दाम पडत नाहीं. भाजी धुऊन मग चिरावी, चिरून धुवूं नये. गूळ साखरेहून बरा म्हणून हवा तितका खावा, हा समज मात्र सोडावा. गोड तें गोडच. मधुमेहाचें औषध चालू असणारांनीं आहार बदलण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

असडीक तांदळास शिजण्यास वेळ लागतो, म्हणून तो तासभर आधीं भिजत घालावा. घरांतील मंडळी नाकें मुरडतील. प्रथम निम्मा पांढरा मिसळावा. हा तांदूळ लवकर खवट होतो व कीडही लवकर धरतो. तेव्हां भात सालीसह साठवून महिन्यापुरतेंच भरडून आणावें.