रजोनिवृत्तीचा काळ आणि पतीचे कर्तव्य

घरात बाळंतीण असली म्हणजे शेजारीपाजारीही मदतीला येतात. पण पाळी कायमची जाण्याचा काळ स्त्री बहुधा एकटीच काढते. हा बायकांचा विषय, असे म्हणून पुरुष बाजूला होतो. आमच्या मते हा साऱ्या कुटुंबाचा विषय आहे, म्हणून त्याचा येथे थोडक्यात विचार करू.

रजोनिवृत्ती म्हणजे काय?

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे समजतात. आपल्याकडे ती साधारणपणे ४५ ते ५० या वयात होते. अंडाशयाचे काम थांबत जाते आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते. त्यामुळे अंगातून एकाएकी गरम वाफा निघतात, रात्री घाम येऊन झोप मोडते, सांधे दुखतात, चिडचिड होते. सर्वांनाच सारखा त्रास होत नाही. हा आजार नव्हे. पण त्रास मात्र खरा असतो.

पतीने काय करावे?

१) तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा. "तुला काही झालेले नाही" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. चारचौघांत तिच्या रागाची थट्टा करू नये.

२) कामे वाटून घ्यावीत. रात्रभर झोप न झालेल्या स्त्रीला पहाटे पाणी भरणे व डबे करणे जड जाते. यांतील एक काम पतीने कायमचे आपल्याकडे घ्यावे.

३) या काळात योनिमार्ग कोरडा होऊन शरीरसंबंध वेदनादायक होऊ शकतो. अशा वेळी आग्रह धरणे हा अन्याय होय. यावर उपचार आहेत. दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारावे.

४) पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज वेगाने होते. दूध, नाचणी, तीळ तिच्याही ताटात असावेत. रोज तिच्याबरोबर चालायला जावे.

५) दवाखान्यात सोबत जावे. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर तो थोडा असला तरी ताबडतोब तपासणी करावी. ते कर्करोगाचे लक्षण असू शकते.

पिशवी काढण्याची घाई नको

बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या शासकीय पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मजुरी बुडते, हे त्यामागील एक कारण होते. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती हळूहळू न येता एकदम येते आणि हाडांचा व हृदयाचा धोका वाढतो. काही आजारांत शस्त्रक्रिया आवश्यकच असते. परंतु औषधाने भागेल काय, अंडाशये ठेवता येतील काय, हे विचारावे आणि शक्य असल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. शरीर तिचे आहे, निर्णयही तिचाच. "काढून टाक, कटकट नको" असे पतीने म्हणू नये. अनेक घरांत त्याच एका शब्दावर निर्णय होतो.

आमच्या विद्यार्थी मित्रांनीही हे वाचावे. आईची झोप नीट होते काय, एवढे विचारले तरी मदतीची सुरुवात होते. या साऱ्याला पैसा फारसा लागत नाही. लागते ती समज आणि थोडा वेळ. ज्या स्त्रीने पंचवीस वर्षे घर सांभाळले, तिला एवढे देणे हे उपकार नव्हेत, ते कर्तव्य आहे.